हिरवं फडकं

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत चांगुणाच्या हातची बुंदी पानात टाकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका लग्न लावणारा आचार्य निघावा, याचा तिला फार राग होता.

चांगुणा खुटबावची. बौद्ध वस्त्यांतल्या लग्नांचा स्वयंपाक करणं हा तिचा धंदा. गावातल्या वरच्या आळीची लग्नं तिला मिळत नसत, त्यांचे आचारी वेगळे. पण उरलेल्या लग्नांतच तिला इतकं काम असायचं, की मार्च ते जून ती घरी फक्त लुगडं बदलायला जायची. तिची स्वतःची चार पातेली होती, दोन कढया होत्या आणि पुऱ्या लाटायला झुंबरबाई होती. झुंबरबाईचा हात जेवढा चाले, तेवढंच तोंडही चाले, म्हणून हजार माणसांच्या पुऱ्या कधी कंटाळवाण्या झाल्या नाहीत.

चांगुणात खोट म्हणाल तर एकच. झाकण दिसलं की ते उचलून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दुसऱ्याची चूल असो, डबा असो, पेटी असो. तिची सासू जिवंत होती तोवर तिला ‘मांजर’ म्हणायची. सासू गेली, नवरा गेला, नाव तेवढं चांगुणानं मनापासून जपलं.

तर हे आचार्य म्हणजे दौंडचे बबनराव. सगळे त्यांना आप्पा म्हणत. उभा जन्म दौंड जंक्शनच्या केबिनीत सिग्नलचे दांडे ओढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नं लावायला घेतली. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, मनगटावर जुनं घड्याळ. पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असेल तर बारा पस्तीसला आप्पांच्या तोंडून त्रिशरण सुरू व्हायचं. मग नवरदेव अजून वरातीत नाचत असला तरी त्याला धरून आणावं लागे. लोक कौतुकानं म्हणत, रेल्वेचा माणूस हाय, एक मिनिट इकडचं तिकडं व्हायचं न्हाई.

प्रत्येक लग्नात आप्पा एकदा तरी स्वयंपाकाच्या मांडवात यायचे. “जयभीम चांगुणाबाई,” म्हणायचे आणि मग तोच एक प्रश्न.

“पंगत कवा बसंल?”

काय केलंय, भाजी कशाची, वास झकास सुटलाय, असं काही नाही. फक्त कवा. आणि पंगतीला बसले की पुरी मोजून दोन, भात मूठभर, भाजी पोटभर, आणि बुंदी तशीच.

“त्यास्नी मोठ्या लोकांची सवय लागली आसंल. गरिबाचं गोड कशाला घशाखाली उतरंल?” झुंबरबाई म्हणायची.

“दात किडले असतील.”

“मग पुरी कशी चावत्यात? नवस-बिवस बोललेत का काय?”

“आपल्यात आता नवस कुठला गं? आन् आचार्यच नवस बोलायला लागला तर झालंच.”

असे दोन हंगाम गेले. चांगुणानं पाकात वेलदोडा वाढवून बघितला, केशरी रंग कमी करून बघितला. आप्पांच्या पानातली बुंदी काही हलेना.

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये पाबळला लग्न होतं. ऊन असं की मांडवाचं कापड सुद्धा भाजून निघत होतं. आप्पा नेहमीसारखे आले, पण आज त्यांनी पिशवीतून हातभर लांबीचा चपटा स्टीलचा डबा काढला.

“एवढा रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठिवता का? गार जागा पायजे. उघडू नका मात्र.”

उघडू नका, हे चांगुणाला सांगायचं? आप्पांची पाठ वळते न वळते तोच ती रांजणापाशी बसली. डब्यात एक ओला पायमोजा होता. पायमोज्यात अंगठ्याएवढी काचेची बाटली, तोंडाला रबरी बूच, आत पाण्यासारखं काहीतरी. शेजारी प्लास्टिकची बारीक पिचकारी, कापूस आणि खडीसाखरेची पुडी.

पहिला विचार तिला दारूचा आला, आणि तो तिचा तिलाच पटला नाही. एवढ्याशा बाटलीत कुणाचं काय भागणार? तिनं बाटली नाकाशी नेली. बुचाला दवाखान्यासारखा, पट्टी बांधायच्या खोलीसारखा वास होता. आणि खडीसाखर कशाला? जो माणूस बुंदीचा दाणा तोंडात घालत नाही, तो खडीसाखर डब्यात बंद करून हिंडतो?

“बघून झालं?”

आप्पा मागं उभे होते. चांगुणाला लाज वाटायला हवी होती. तिला लाज वाटलीही, पण उत्सुकता त्याच्या आधी तोंडातून बाहेर पडली.

“हे काय हाय आप्पा?”

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. झुंबरबाई लांब पिठाशी झटत होती. ते भांड्यांच्या टेम्पोच्या आडोशाला गेले आणि त्यांनी चांगुणाला मानेनं बोलावलं. सदऱ्याचं खालचं बटण काढलं, बाटलीतलं पाणी पिचकारीत ओढलं, उजेडात धरून रेघा मोजल्या, पोटाची चिमटी धरली आणि सुई आत. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं, जसं कुणी चष्मा पुसावा.

“आगं आई! पोटात?”

“साखर झालीया मला. रक्तात. हे विन्शुलीन. जेवायच्या बरोब्बर अर्धा तास आधी घ्यावं लागतं. बारा युनिट.”

“युनिट म्हंजी?”

“ह्या रेघा. जसं तुमचं शेर-मापटं.”

“दुखतं?”

“मुंगी चावल्यावानी.”

“आन् घेटलं न्हाई तर?”

“तर साखर चढती. डोळं जात्यात, पाय सडत्यात.”

“आन् घेटलं, पण पंगत उशिरा बसली तर?”

आप्पा पहिल्यांदा हसले. आजवर डॉक्टर सोडून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “तिथंच तर गोम हाय, चांगुणाबाई. मग साखर उतरती. घाम फुटतो, हात कापत्यात, जीभ जड पडती, तोल जातो. बघणाऱ्याला वाटावं, पिऊन आलाय. तवा लगेच साखर तोंडात टाकायची. न्हाईतर माणूस आडवा.”

“म्हंजी जिला भ्यायचं, तीच खायची?”

“तीच.”

चांगुणाला ही गोष्ट फार म्हणजे फार नवलाची वाटली. तिनं आणखी दहा प्रश्न विचारले आणि आप्पांनी दहाची उत्तरं दिली. मग त्यांनी बटण लावलं आणि आवाज खाली आणला.

“हे कुणाला बोलायचं न्हाई. मागल्या साली दवाखान्यात पडलो होतो, तवाच आचार्य नेमणाऱ्या आपल्या शाखेनं म्हणलं, आप्पा, आता आराम करा, पोरांना लग्नं लावू द्या. मी सांगितलं, बरा झालो, खडखडीत. चांगुणाबाई, घरी बायको न्हाई. पोरगा पुण्याला. मी घरात बसून भिताडाकडं बघत मरंन. माणसांत हाय तोवर ह्या लग्नांमुळं हाय. आन् सुई टोचणाऱ्या आजारी माणसाकडून पोरीला आशीर्वाद कोण घेईल?”

चांगुणाचा बुंदीचा राग जागच्या जागी विरघळला. उलट तिला वाईट वाटलं, की दोन वर्षं आपण ह्या माणसाला मनातल्या मनात घमेंडखोर म्हणत आलो.

मग तिनं डोकं चालवलं. पत्रिकेतली वेळ आप्पांच्या हातात होती, पण पंगतीची वेळ खरं तर तिच्या हातात होती. आधणात तांदूळ वैरले, की अर्ध्या तासानं भात उतरतो आणि पंगत बसते. यात वीस वर्षांत पाच मिनिटांचा फरक पडला नव्हता. पातेली उतरवायला तिच्याकडं दोन जाड फडकी होती, एक हिरवं, एक लाल.

“तांदूळ वैरले की मी हिरवं फडकं ह्या बांबूला बांधते,” ती म्हणाली. “तुम्हाला स्टेजवरनं दिसंल.”

आप्पांचे डोळे चमकले. “म्हंजी लाइन क्लिअर!”

पुढं दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मंगल वचनं चाललेली असायची, मांडवाच्या टोकाला हिरवं फडकं लागायचं, आप्पा घड्याळात बघायचे, फुलं पडली की ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून टेम्पोमागं जायचे. झुंबरबाईनं एकदा विचारलं, हे फडकं कशाला गं टांगतीस? चांगुणानं सांगितलं, वाळत घालते. दुसऱ्यांची झाकणं उचलणाऱ्या बाईनं एक झाकण घट्ट दाबून धरलं होतं, आणि तिचं तिलाच त्याचं नवल वाटे.

नव्याण्णवच्या मे महिन्यात कवठे येमाईच्या तात्याबाच्या पोरीचं, भाग्यश्रीचं लग्न निघालं. नवरा मुलगा सम्राट, शिरूरचा, रांजणगावच्या कंपनीत लागलेला. तात्याबा हरखून गेला होता. भाग्यश्रीच्या बारशाला तिचं नाव आप्पांनीच सुचवलेलं, म्हणून तात्याबानं त्यांना पूर्ण पोशाख केला. नुसता हातात देऊन भागलं नाही. “आंगावर घालूनच लगीन लावायचं आप्पा, माझी शपथ हाय,” म्हणून त्यानं आप्पांना घरात नेऊन नवा सदरा चढवायला लावला. जुना सदरा घडी करून कपाटात गेला. त्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी होती. डब्यातली पुडी आप्पांनी अलीकडं खिशात ठेवायला सुरुवात केली होती, हाताशी असावी म्हणून.

बारा पस्तीसला लग्न सुरू झालं. आप्पांनी खणखणीत आवाजात पंचशील दिलं, सगळ्या मांडवानं ते मागं म्हटलं. बारा चाळीसला चांगुणानं तांदूळ वैरले आणि हिरवं फडकं बांधलं. फुलं पडली, टाळ्या झाल्या, आप्पा टेम्पोमागं जाऊन आले, डबा वाळूत परत ठेवला. पत्रावळी मांडायला सुरुवात झाली. भाताला वाफ आली. आणि त्याच वेळी गावाच्या वेशीकडून दोन जीपगाड्या धुरळा उडवत आल्या.

साहेब आले!

लग्नात वधूवरांपेक्षा ज्यांची जास्त वाट बघतात ते हे साहेब. त्यांचं कुणाशी नातं नसतं, त्यांना नवऱ्या मुलाचं नाव माहीत नसतं, पण त्यांच्याशिवाय पंगत बसत नाही. पत्रावळी होत्या तिथंच राहिल्या. फेटे निघाले, नारळ निघाले, साहेबांच्या मागून आलेल्या अकरा जणांचे सत्कार सुरू झाले. आचार्य म्हणून आप्पांना साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली.

चांगुणानं लाल फडकं बांधलं. आप्पांनी ते बघितलंही. पण सुई टोचून झाली होती, ती काही परत उपटता येत नव्हती. त्यांचा हात खिशाकडं गेला, नव्या सदऱ्याचा कोरा खिसा चाचपून खाली आला. चांगुणानं ते बघितलं.

ती तात्याबाकडं धावली. “पंगत बसवा.”

“चांगुणाबाई, साहेब बोलायला उभं राहिलेत! जरा दम धरा.”

ती महेंद्रकडं गेली. महेंद्र शाखेचा चिटणीस, माइक त्याच्या ताब्यात. चिमूटभर बुंदी द्रोणात घेऊन ती म्हणाली, “एवढी आप्पांना नेऊन दे बाबा.”

“मावशी, साहेबांच्या आधी आचार्य स्टेजवर बुंदी खाणार? लोक काय म्हणतील?”

“आरं, पर...” ती थांबली. तिनं शब्द दिला होता.

साहेब देशाच्या परिस्थितीवरून जिल्ह्यावर आले, जिल्ह्यावरून कालव्याच्या पाण्यावर, आणि तिथंच रमले. दीड वाजला, पावणेदोन झाले. चांगुणा कढईपाशी उभी राहून फक्त एका माणसाकडं बघत होती. आप्पांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांनी पुसला, परत आला. मग मान उगाचच हलायला लागली. फडकं मी बांधलं म्हणून त्यांनी सुई घेतली, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. झुंबरबाई काहीतरी विचारत होती, ते तिला ऐकूही येत नव्हतं.

साहेब एकदाचे बसले. महेंद्रनं माइकवर जाहीर केलं, “आता आदरणीय आप्पा वधूवरांना आशीर्वाद देतील.”

आप्पा उठले, खुर्चीला अडखळले. माइकचा दांडा त्यांनी केबिनीतला दांडा धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. “चिरंजीव...” ते म्हणाले आणि थांबले. नाव आठवेना. जीभ जड झाली होती. त्यांनी मध्येच पंचशील पुन्हा सुरू केलं, तिसऱ्या शीलावर घसरले, पहिल्यावर आले, आणि एका अंगावर झुकले.

पहिल्यांदा एक पोरगं हसलं. मग पुरुषांच्या बाजूनं कुजबूज उठली, आणि कुजबुजीला वेळ लागत नाही.

“प्यालेत वाटतं.”

“मगाशी टेम्पोमागं गेल्यालं मी बघितलं की!”

“मी तर दरवेळंला बघतोय. म्हणं, पाणी पिऊन येतो!”

सम्राटचा मामा ताडकन उठला. धिप्पाड, मिशाळ माणूस. “आवो तात्याबा! हा काय खेळ लावलाय? मद्य पिणार न्हाई म्हणून आम्हाला वदवून घ्यायचं आन् आपण पिऊन उभं ऱ्हायचं? ह्या माणसानं लावलेलं लगीन आम्ही मानत न्हाई. दुसरा आचार्य बोलवा. परत लावा!”

तात्याबाचा चेहरा उतरला. भाग्यश्रीनं मान खाली घातली. साहेब घड्याळ बघायला लागले. आणि आप्पा, उभ्या नोकरीत एक गाडी चुकीच्या रुळावर न घालवलेला माणूस, तोंड उघडून हसणाऱ्या माणसांकडं बघत होते. आपल्याला काय म्हणताहेत, हे त्यांना कळत होतं की नव्हतं, देव जाणे. चांगुणाला मात्र ते बघवलं नाही. तिला इतका संताप आला, की तिच्या हातात झारा असता तर तिनं तो आधी मामाच्या डोक्यात घातला असता.

तिनं पेल्यात बुंदीचा पाक ओतला. खोचलेलं लुगडं, हाताला काजळी, गालावर पीठ, तशीच ती भर मांडवातून चालत निघाली. बायका बाजूला झाल्या. ती स्टेजवर चढली आणि तिनं पेला आप्पांच्या तोंडाला लावला.

“न्हाई...” आप्पांनी तोंड फिरवलं. “गोड... मला गोड न्हाई चालत.”

“गप गिळा!” चांगुणानं त्यांची हनुवटी धरली. “गिळा म्हणते ना!”

माइक चालूच होता. अख्ख्या कवठ्यानं ते ऐकलं. आप्पांनी एक घोट घेतला, मग दुसरा. पाक नव्या सदऱ्यावर सांडला. महेंद्रनं तिचा दंड धरला. “मावशी, खुळ्या झालात का? हे काय चाललंय?”

चांगुणा माइककडं वळली. हजार माणसं तिच्याकडं बघत होती. आजवर तिनं त्यांची ताटं बघितली होती, तोंडं आज पहिल्यांदा एकदम बघितली.

“आप्पा प्यालेले न्हाईत,” ती म्हणाली. “उपाशी हायेत. भात माझ्यामुळं लांबला.”

लोक हसले. मामा ओरडला, “उपाशी तर आम्ही समदीच हाय की! आम्ही डुलतोय का?”

तिनं आप्पांना खुर्चीत बसवलं, उरलेला पाक पाजला, आणि पदरानं त्यांचा घाम पुसत तिथंच उभी राहिली. तिला कुणी खाली उतरवायला धजलं नाही. तात्याबा हात जोडून मामाला विनवत होता, महेंद्र दुसऱ्या आचार्याला कुणाची मोटारसायकल धाडावी याचा विचार करत होता. अशी दहा-बारा मिनिटं गेली.

मग आप्पांनी मान वर केली. त्यांनी आधी सदऱ्यावरचे डाग बघितले, मग चांगुणाला, मग मांडवाला. त्यांना सगळं उमगलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले. “माझा डबा आणा,” ते म्हणाले.

“आप्पा, असू द्या,” चांगुणा पुटपुटली. “मी संभाळून घेते.”

“डबा आणा, चांगुणाबाई.”

तिनं डबा आणला. आप्पा उठून माइकपाशी गेले. आता पाय ठाम होते.

“चांगुणाबाई खोटं बोलल्या. माझ्यापायी बोलल्या,” ते म्हणाले. त्यांनी पायमोज्यातली बाटली काढून वर धरली, दुसऱ्या हातात पिचकारी. “मला साखरेचा आजार हाय. चार वर्षं झाली, रोज तीन येळंला ही सुई पोटात टोचून घेतो. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवाय लागतं. आज जेवण लांबलं, म्हणून माझी ही गत झाली. मी दारूला शिवलेलो न्हाई. पाचवं शील मी मोडलं न्हाई.”

त्यांनी बाटली परत पायमोज्यात घातली.

“मोडलं ते चौथं. शाखेनं विचारलं, आप्पा, बरं हाय का? मी म्हणलं, खडखडीत. लोकांनी विचारलं, कुठं निघाला? मी म्हणलं, पाणी प्यायला. खोटं बोलणार न्हाई म्हणून दर लग्नात तुमच्याकडून वदवून घेतलं, आन् टेम्पोमागं जाऊन तेच केलं. भ्यालो होतो. आजारी म्हणल्यावर तुम्ही मला बोलवायचं बंद कराल, ह्याला भ्यालो. ते बघा, त्या बांबूवर हिरवं फडकं लागतं, ते चांगुणाबाई माझ्यासाठी लावतात. फडकं लागलं की अर्ध्या तासात पंगत. आता ज्यांना लगीन परत लावायचं असंल त्यांनी लावा. मला राग न्हाई.”

मग बायकांमधून एका म्हातारीनं विचारलं, “दुखतं का रं बाबा?” आणि तिथून जे प्रश्न सुरू झाले! सुई केवढी? रोज नवी का तीच? बाटली केवढ्याला? गारव्याला मडकं चालतं का? लोक स्टेजला खेटले. साहेबांच्या कालव्याच्या पाण्यावर एकानंही प्रश्न विचारला नव्हता.

मामा अजून जागच्या जागी उभा होता. त्याचा आवाज आता निम्म्यानं उतरला होता.

“किती युनिट घेता?” त्यानं विचारलं.

“दुपारचे बारा.”

“हं,” मामा म्हणाला आणि खाली बसला. लग्न परत लावायचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. चांगुणा मात्र त्याच्याकडं बघतच राहिली. युनिट हा शब्द तिला आप्पांनी शिकवला होता. ह्या मिशाळ गड्याला तो कुणी शिकवला असेल?

तात्याबानं डोळे पुसले आणि साहेबांना न विचारता ओरडला, “बसा! पंगत बसवा!”

शाखेची बैठक झाली. महेंद्र त्या दिवशीच्या शरमेनं बैठकीत सगळ्यांआधी बोलला. आप्पा लग्नं लावतील, मी शेजारी उभा राहीन, आणि भाषणं पंगतीनंतर. ज्यांना ऐकायची असतील ते थांबतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खुटबावलाच लग्न होतं, चांगुणाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिनं तांदूळ वैरले आणि हिरवं फडकं बांधलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं ते चांगलं उंच बांधलं.

आप्पांनी घड्याळ बघितलं, फुलं पडेपर्यंत थांबले आणि मग सगळ्यांसमोर स्टेजच्या कडेला बसून डबा उघडला. चांगुणा कढईकडं वळणार, तेवढ्यात तिला मांडवाच्या मधोमध हालचाल दिसली. सम्राटचा मामा उठत होता. या लग्नाला तो कुणाकडून आला होता कोण जाणे. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आप्पांच्या शेजारी जाऊन बसला. मग बायकांतून एक शिक्षिका उठली आणि पर्समधली गोळी काढून पाणी मागायला रांजणाकडं आली. मागच्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला. दाराजवळून एक तिशीतला पोरगा उठला, त्यानं चोरट्यासारखं इकडंतिकडं बघितलं, आणि मग आप्पांनी हात केला तसा सरळ चालत गेला. कुणाची गोळी होती, कुणाची सुई. सगळ्यांची मान मात्र एकाच बांबूकडं वर गेलेली तिनं बघितली होती.

हे सगळे आजवर कुठं जात होते? कुणाच्या टेम्पोमागं, कुणाच्या गोठ्यात? आणि किती जण नुसते उपाशीच घरी परतत असतील? चांगुणाला हे सगळं विचारायचं होतं, एकेकाला धरून विचारायचं होतं. पण भाताला वाफ आली होती.

अर्ध्या तासानं पंगत बसली. वाढपी सगळ्यांना सरसकट वाढत गेले. पंगत उठल्यावर झुंबरबाई पत्रावळी गोळा करायला गेली आणि कपाळाला आठ्या घालून परत आली.

“चांगुणे, आज बुंदीला काय झालं गं? पाच पत्रावळीत जशीच्या तशी हाय.”

“मोजून पाच?”

“मोजून पाच.”

चांगुणानं कढईतली बुंदी झाऱ्यावर घेतली, तोंडात टाकली आणि चव बघितली.

“झ्याक झालीया,” ती म्हणाली.